कपाळाच्या कातड्याचं नाक

कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. तिथं त्याचं नाक आणि एक हात छाटला गेला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं ती रीत चित्रासकट छापली.

मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून बेतायची, सपाट करून कपाळावर ठेवायची, कडेनं रेघ ओढायची आणि तेवढं कातडं सोडवायचं. पण दोन भुवयांमध्ये त्याची एक अरुंद पट्टी जागेवर तशीच राखायची. सगळी करामत तिच्यात आहे. तिच्यातून रक्त येत राहतं, म्हणून कातडं जगतं. खुंटाचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, भोवती चीर द्यायची, कातडं अर्धा पीळ देऊन खाली आणायचं आणि कड चिरेत खोवायची. टाका एकही नाही. पाण्यात कालवलेला कात लावून पाच-सहा चिंध्या एकावर एक. चार दिवस हात लावायचा नाही, नंतर तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची.

सुश्रुतसंहितेत मापाला झाडाचं पान आणि कातडं गालाचं, इथं कपाळाचं. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जननं कपाळाच्या याच रीतीचा आधी मृतदेहांवर हात बसवला, २३ ऑक्टोबर १८१४ ला एका अधिकाऱ्याचं नाक केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कपाळाचं कातडं आजही नाकासाठी वापरतात. कावसजीचं नाव राहिलं. नाक करणाऱ्याचं नाव कुणी टिपलं नाही, हा अन्यायच.

म्हसवडकडच्या माणदेशात खिलारांचा वावर मोठा, आणि बैलाचं शिंग गालात घुसलं की आजही तीच रक्ताची वाट सांभाळावी लागते. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून सर्जन तिथलं मांस हात राखूनच छाटतात. तेव्हा लोंबणारं कातडं तोडू नका, स्वच्छ ओल्या कापडानं झाका. शिंगाऐवजी सळई रुतली असेल तर ती उपटू नका. रक्त घशात उतरू नये म्हणून शुद्धीवरच्या माणसाला पुढं वाकवून बसवा आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या.