ढोल कुणाच्या खांद्यावर

आमच्या यावल तालुक्यात लग्न जमलं की मुहूर्त काढायला भटजीकडे जाण्याआधी एक फोन बँडवाल्याला जातो. तो म्हणाला, 'त्या तारखेला गाडी मोकळी नाही', की मुहूर्त सरकतो. मुलीकडचे कुरकुरतात, पण फार ताणत नाहीत; त्यांच्याही घरात एखादा भाचा त्याच बँडचे व्हिडिओ मोबाइलवर बघत बसलेला असतो. कीबोर्ड कुणाचा, पॅडवर कोण, आदिवासी पावरीची चाल न थांबता कोण किती वेळ खेचतो, यावर पारावर जी हमरीतुमरी चालते ती निवडणुकीतही चालत नाही.

त्यात गेल्या काही वर्षांत पुण्याच्या धर्तीची ढोल-ताशा पथकं जळगाव-भुसावळकडे आली आणि भांडण तिरंगी झालं. पथकवाले म्हणतात, बँड म्हणजे भोंग्यांची भिंत, त्यात वाद्य कुठे आहे? बँडवाले म्हणतात, पथकाला गाणं कुठे येतं, नुसतं बडवणं. आणि ओट्यावर बसलेली म्हातारी पिढी दोघांनाही एकाच मापाने मोजते. आमची जिजी वरात दारावरून गेली की खिडकी लावून घ्यायची आणि म्हणायची, "कायले कान फोडता रे पोरहो?" तिच्या लेखी खरं वाजप म्हणजे सनई आणि संबळ. पण तिच्या सासऱ्यांना त्यांच्या काळी नवा आलेला बँडच प्यारा होता, असं आमचे आबा सांगत. ते सांगताना आबांच्या तोंडावर जिजीवर कुरघोडी केल्याचा आनंद लपत नसे.

आबांच्या गोष्टी फैजपूरहून सुरू होत. १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन आमच्याच तालुक्यात झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गांधीजी मुक्कामाला, बांबूची प्रवेशद्वारं आणि सजावट नंदलाल बोसांची. आबा तेव्हा शाळकरी. नेहरू काय बोलले हे त्यांना कधीच सांगता आलं नाही, कारण ते हिंदीतून बोलले आणि आबांना लेवा बोलीपलीकडे काही कळत नव्हतं. लक्षात राहिला तो स्वयंसेवकांचा बिगुल. खाकी चड्डीतली पोरं पहाटे रांगेत उभी आणि एकजण गाल फुगवून बिगुल फुंकतोय, हे दृश्य आबा आम्हाला साभिनय करून दाखवत. त्यानंतर गल्लीतल्या पोरांनी महिनाभर केळीच्या पुंगळ्या करून कवायत केली म्हणे. इंग्रजांना घालवायला निघालेल्या माणसांची कवायत इंग्रजांच्याच बराकीतून आलेली होती, हे आबांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही.

खानदेशात बराक आली त्याला दोनशे वर्षं झाली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल इंग्रजांना आवरेनात, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या २२ वर्षांच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं. पलटण म्हटली की ड्रम आले, बिगुल आला, एका तालावर उचललेली पावलं आली. डोंगरातला ढोल मात्र या कवायतीला शरण गेला नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, तिथे पावरा-भिल्लांचे ढोल अजून बघावेत. एका माणसाला पेलवणार नाही असं वाटावं इतका मोठा ढोल कमरेपुढे घेऊन माणूस वाजवतो, नाचतोही. तिथे रांग नसते, गोल असतो.

लग्नातला बँड हा पलटणीच्या बँडचा वंशज. गोऱ्या साहेबाच्या पुढे वाजणारं पितळ बघून संस्थानिकांना हौस सुटली, संस्थानिकांचं बघून सावकारांना, आणि सावकारांचं बघून आमच्यासारख्या केळीवाल्यांना. नाहीतर जळगाव जिल्ह्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात कोण शहाणा गळाबंद डगला, खांद्यावर सोनेरी झालर आणि डोक्यावर तुऱ्याची टोपी घालून उभा राहील? वाद्यं उत्तरेतून, मेरठहून येत. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासून या धंद्यात. क्लॅरोनेट शिकवायला एक मास्तर भुसावळहून येई, असं आबा सांगत. बँडच्या सोबत गॅसबत्त्या. त्या डोक्यावर धरणारी माणसं निराळी, त्यांची मजुरी निराळी, त्यांचं जेवणही निराळ्या पंगतीत.

आता वादाच्या मुद्द्यावर येतो. जुनं चांगलं की नवं, हे भांडण मी ऐकत आलोय आणि त्यात मला फारसा रस उरलेला नाही. समुद्रापलीकडेही तेच चाललंय. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी ड्रम आणि बिगुलांची पथकं काढली. त्यांची आजची देशपातळीवरची स्पर्धा १९७२ पासून भरते, पहिली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी भरली. पुढे २००० मध्ये जुन्या एकाच पट्टीतल्या बिगुलांची सक्ती गेली, २००४ मध्ये मायक्रोफोनला परवानगी मिळाली, २००९ मध्ये कीबोर्डला. दर वेळी जुने चाहते म्हणाले, संपलं, हे आता ड्रमचं पथक राहिलं नाही. आमच्या पारावर आणून बसवले तर भाषेशिवाय त्यांचं काही अडणार नाही.

मला रस आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. वाद्य बदललं, चाल बदलली, ते सगळ्यांना दिसतं. ते धरणारा खांदा बदलला, त्याविषयी पारावर कुणी बोलत नाही.

आमच्या शेजारी बापू राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, आयुष्य नोकरीत गेलं, मुलं पुण्याला. त्यांचे वडील गावात डफडं वाजवत. वाजवत म्हणजे वाजवावं लागे. "पोळ्याले जा, मरीमायच्या गाड्याले जा, लग्नाले जा, मयतीले जा. मंग दारोदार भाकर मांगा," बापू सांगतात. मरीमायच्या, खंडोबाच्या जत्रेत आमच्याकडे बारागाड्या ओढतात. कमरेला दोर बांधलेला भगत एकट्याच्या बळावर गाड्यांची माळ पळवतो अशी श्रद्धा. त्या बळामागे डफड्याचा ताल असतो, पण हळद-गुलाल भगताच्या अंगावर पडतो.

डफडं शेकायचं कसं, हे बापूंनी मला एकदा अंगणात करून दाखवलं होतं. हातात डफडं नव्हतं, स्टीलचं ताट होतं. वाजवायच्या आधी केळीची वाळकी पानं पेटवायची. जाळ मोठा नको, चामडं करपतं. कडं दोन्ही तळव्यांत धरून जाळावर फिरवत राहायचं आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून ऐकायचं. ढबढब वाजलं तर अजून ओल आहे. खणखणलं की लगेच उठायचं, कारण हवा दमट असेल तर पाव तासात परत सैल पडतं. पोळा श्रावणी अमावास्येचा, म्हणजे भर पावसाळ्यातला. बैल वेशीवर पोचेपर्यंत वडील वाटेत दोनदा जाळ करत. ओली काडी पेटत नसे, तेव्हा पाटलाच्या वाड्यातून कुणी रॉकेल देईल का याची वाट बघत बाहेर उभं राहायचं. आत जायचं नाही.

१९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी गावकीची हीन कामं सोडा म्हणून सांगितलं होतं. ते आमच्या गावापर्यंत पोचायला आणि पचायला वेळ लागला. १९५६ च्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली आणि पुढच्या पोळ्याला वस्तीतून डफडं निघालंच नाही. बापू तेव्हा लहान होते, पण तो दिवस त्यांना पाठ आहे. तोरण बांधलेलं, बैल रंगवून, झुली घालून वेशीपाशी उभे, मानकऱ्यांचा मान कुणाचा पहिला याचा वाददेखील मिटलेला, आणि वाजवायला माणूस नाही. निरोपावर निरोप आले. वडील दाराला आतून कडी लावून बसले होते. अखेर कुणीतरी रॉकेलचा रिकामा डबा बडवला आणि पोळा फुटला. "वाजवनं बंद केलं तवा गावाले ताल आठवला," बापू म्हणतात. डफड्याचं चामडं पुढे फाटलं. लोखंडी कडं आईने पाण्याच्या माठाखाली ठेवलं, माठ कलंडू नये म्हणून.

नेमक्या त्यानंतरच्या काळात तिकडे पुण्यात उलटं काही घडत होतं. विसर्जन मिरवणुकीत मुळशी-मावळच्या गावकऱ्यांचे ढोल-लेझीमचे ताफे येत. सत्तरच्या दशकात ज्ञान प्रबोधिनीने शाळेतल्या मुलांच्या हाती ढोल दिले, मग रमणबागेसारख्या शाळा आल्या, पुढे शाळा सुटलेल्यांनी आपापली पथकं काढली. आज त्यात डॉक्टर आहेत, इंजिनीअर आहेत, मुली भरपूर आहेत. ढोलाला चामड्याऐवजी प्लास्टिकचं पान आलं. त्याचा आवाज कोरडा, टोचणारा, हे खरंच. पण भाद्रपदाच्या पावसात ते सैल पडत नाही, आणि जाळ करत बसायला लक्ष्मी रोडवर जागा कुठे? २०२४ च्या ऑगस्टात हरित लवादाने आवाजापायी एका पथकात ३० पेक्षा जास्त माणसं नकोत असा आदेश दिला, तर विसर्जनाच्या आत सर्वोच्च न्यायालयाकडून स्थगिती आली. डफड्यासाठी कुणी दिल्लीपर्यंत गेल्याचं मला आठवत नाही.

म्हणून माझा कौल बँडच्या गाडीला आहे. ती मलाही सोसत नाही. काच थरथरते, औषधाची गोळी घेऊन झोपावं लागतं, रात्री दहानंतर बंद करण्याचा नियम मला तोंडपाठ आहे आणि मी तो फोन करून सांगतोही. पण गाडीवर उभा राहून कीबोर्ड वाजवणारा पोरगा आपला दर आपण सांगतो, आगाऊ रक्कम घेतो, आणि व्हिडिओखाली त्याचं नाव असतं. त्याच्या आज्याला गावात कुणी नावाने हाक मारली नसेल. लग्नसराई उतरली की यातली कित्येक पोरं केळीच्या कापणीला, गाड्या भरायला जातात, हेही खरं. तरी चार महिने ती कुणाची मिंधी नसतात. सनई-संबळाची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांनी एवढा हिशेब करून मग काय ते टाकावेत.

माझी भाची जळगावला इंजिनीअरिंगला आहे, पथकात ढोल वाजवते. परवा गणपतीच्या सरावाचा व्हिडिओ तिने बापूंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "तिसऱ्या रांगेतला तो उंच पोरगा मांगं पडून राह्यला." भाचीने परत पाहिलं. पडत होता. तिने लगेच विचारलं, "आजोबा, शिकवायला याल का आमच्याकडे?" बापूंनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, पैसे किती मिळतात? ती म्हणाली, मंडळाकडून मानधन येतं ते वाद्यांवर आणि सामाजिक कामावर खर्च होतं, आम्ही काही घेत नाही, उलट कुर्ते स्वतःच्या पैशाने शिवतो.

बापू हसले. "आमी फुकट वाजवलं तं वेठ. तुमी फुकट वाजवता तं हौस."

"मग हौस वाईट आहे का?" भाचीही गप्प बसणारी नाही. "आम्ही परंपराच जपतो ना?"

"हौस कर की. चांगली वाजवतीस." त्यांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला. "पन परंपरा म्हनतीस तं सांग, कोनाची?"

तिच्याकडे उत्तर होतं, ते तिने पुढचा अर्धा तास दिलं. बापूंनीही सोडलं नाही. शेवटी जिजीसारखी मीच खिडकी लावून घेतली.