काळुंदराचे शेजारी

गोव्यातल्या मासळीबाजारात काळुंदर ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही. चपटे अंग, राखी-हिरवट रंग, त्यावर काळसर उभे पट्टे आणि खवल्यांवर मोत्यांसारखे पांढरे ठिपके. रेशाद मसाला भरून तव्यावर परतलेला हा मासा आपल्या खाण्यातला. पण घरात काचेची टाकी ठेवणारे जगभरचे हौशी लोक ज्या 'सिक्लिड' कुळातल्या माशांसाठी जीव टाकतात, त्याच कुळातला हा आपला काळुंदर आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. एंजल, डिस्कस, ऑस्कर ही दुकानात दिसणारी मंडळी त्याची दक्षिण अमेरिकेतली नातेवाईक. भारतात या कुळाच्या मूळ रहिवासी जाती मोजून तीनच आहेत: काळुंदर, त्याचा लहानखुरा नारिंगी-पिवळा भाऊ, आणि कानडी मुलखातल्या नद्यांत आढळणारी तिसरी जात.

काळुंदराला शास्त्रीय नाव दिले बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लॉख यांनी, १७९० साली. त्या नावात सुरत शहर येऊन बसले, आणि हा केरळ-गोव्याचा मासा कायमचा 'सुरतकर' झाला! नारिंगी भावाला ब्लॉख यांनीच १७९५ साली नाव दिले. तिसऱ्या जातीची नोंद फ्रान्सिस डे यांनी १८७७ साली केली. या तिघांचे सर्वांत जवळचे सोयरे आज मादागास्कर बेटावर आहेत. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले तेव्हाच ही घराणी वेगळी झाली, की त्यांचे पूर्वज पुढे केव्हातरी समुद्रमार्गे पसरले, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. केरळने २०१० साली काळुंदराला, म्हणजे त्यांच्या करिमीनला, राज्यमाशाचा मान दिला.

आता प्रश्न असा की, असा शांत स्वभावाचा सिक्लिड घरी पाळायचा, तर त्याच्या सोबत कोणाला ठेवायचे? हौशी लोकांना हा प्रश्न नेहमी पडतो, आणि तो काचेच्या टाकीइतकाच जुना आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला प्रयोग जाहीर केला. एका काचपात्रात त्याने दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब. पण कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले. मग त्याने पाण्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी स्वच्छ झाले. ज्याचा कचरा दुसऱ्याचे अन्न होते, तो खरा शेजारी, एवढे सूत्र त्या पात्रातून निघाले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि १८५४ साली फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने 'अॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला.

आपल्याकडे ही हौस रुजली ती मुंबईमार्गे. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. त्या काळात मुंबईच्या मत्स्यखात्याची धुरा डॉ. एस. बी. सेटना यांच्याकडे होती. याच मत्स्यालयात काम केलेले बी. एफ. छापगर यांनी एस. आर. साने यांच्यासह १९९२ साली एका छोट्या माशाचे वर्णन केले आणि त्याला सेटनांचे नाव दिले. निळसर झाक असलेला हा मासा गोवा आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांखेरीज कुठेच सापडत नाही. म्हणजे आपल्या घरामागच्या वझऱ्यात जगाला हवीहवीशी वाटणारी मासळी होती, आणि आपण मात्र दुकानातून परदेशी मासे आणत होतो. आज तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे, तेव्हा ओढ्यातून पकडून आणण्याचा मोह कोणी करू नये.

शेजार जुळवण्याचे नियम तसे साधे आहेत. पहिला नियम तोंडाचा: जो तोंडात मावतो, तो आज ना उद्या पोटात जातो. एंजल शांत खरा, पण पूर्ण वाढल्यावर तीन सेंटिमीटरचा निऑन टेट्रा त्याला खाऊच वाटतो. दुसरा नियम स्वभावाचा: एंजलचे लांब पर बघून टायगर बार्ब त्यांचे लचके तोडतात. तिसरा पाण्याचा: काळुंदर आणि त्याचा नारिंगी भाऊ खाऱ्या-गोड्याच्या सीमेवरचे, तर डिस्कस ॲमेझॉनच्या मऊ, उबदार पाण्यातला. दोघे भांडले नाहीत, तरी एकाला मानवेल ते पाणी दुसऱ्याला मानवत नाही. किंचित खारे पाणी ठेवायचे तर सोबतीला मोली चालते. चौथा नियम जागेचा: नारिंगी भाऊ आठ-नऊ सेंटिमीटरवर थांबतो, पण काळुंदर सहज वीसच्या पुढे जातो. तो मुख्यतः शाकाहारी, म्हणून टाकीतली हिरवळही त्याच्यापुढे टिकत नाही. आणि अंडी घातली की सगळ्यांत शांत सिक्लिडही शांत राहत नाही. नर-मादी दोघे मिळून पिल्ले राखतात, जवळ येणाऱ्याला हुसकावतात. नारिंगी जातीची पिल्ले तर आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात.

या दोन भावांचा शेजार मात्र अभ्यासण्यासारखा आहे. वायमन आणि वॉर्ड या अभ्यासकांनी १९७२ साली लिहून ठेवले की नारिंगी मासे काळुंदराच्या अंगावरची घाण टिपून त्याला स्वच्छ करतात, आणि काळुंदर त्यासाठी निमूट उभा राहतो. पण हेच नारिंगी मासे संधी मिळाली की काळुंदराची अंडी-पिल्लेही फस्त करतात. म्हणजे न्हावी तोच आणि चोरही तोच! निसर्गातला शेजार असाच असतो. तो निव्वळ मैत्रीवर उभा नसतो. पळायला आणि लपायला पुरेशी जागा असली, की नफा-तोटा सोसून दोघेही टिकतात.

ही गोष्ट गोमंतकीयांना काचेची टाकी येण्याच्या कितीतरी आधी कळली होती. आपली खाजने म्हणजे काय? बांध घालून, मानस बसवून राखलेली एक मोठी टाकीच. भरतीला मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसात गोड्या पाण्यावर कोरगुटासारखे खारे सोसणारे भात, आणि भात कापल्यावर पोंयीत काळुंदर, शेवटे, सुंगटां. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजने होती. भात, मासळी आणि माणूस या तिघांचा शेजार गावकरीने नियमांनी बांधला होता. बांध कोणी दुरुस्त करायचा, पाणी केव्हा घ्यायचे, हे ठरलेले असे. गावकरीच्या जुन्या रीतिरिवाजांची नोंद पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोरालात करून घेतली, ती उगाच नव्हे.

हा शेजार बिघडला तो दोन बाजूंनी. १९५२ साली खाद्यमासा म्हणून आफ्रिकेतला तिलापिया भारतात आणला गेला. तोही सिक्लिडच, काळुंदराचा दूरचा भाऊबंद. पण काळुंदर वर्षातून मोजक्याच वेळा, जागा निवडून अंडी घालतो. तिलापियाची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते आणि पुन्हा पुन्हा विते. जागा आणि अन्न त्याने बळकावले. दुसरीकडे, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर गावकरीची जुनी व्यवस्था सैल झाली, मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाला भातापेक्षा अधिक भाव येऊ लागला, आणि कित्येक ठिकाणी मासळीसाठी खारे पाणी आत घेण्याची हाव वाढली. बांध फुटले, शेते पडीक झाली. शेती गेली तिथे पोंय आणि मानस राखणारेही उरले नाहीत.

टाकीत चुकीचा मासा पडला तर तो दुसऱ्या दिवशी जाळीने काढता येतो. खाजनात पडलेला तिलापिया काढता येत नाही. म्हणूनच हौशी वाचकांना एक सांगणे: टाकीतले मासे नकोसे झाले, तर ओहोळात, तळीत, नदीत सोडू नका; दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. आणि ज्या गावात अजून मानस चालते, तिथे बांधाच्या दुरुस्तीचा प्रश्न निघाला, तर काळुंदराच्या वतीनेही एक हात वर करा.