मोरपिसात निळा रंग नसतोच, मग तो दिसतो कसा?

घरात मोरपीस असेल तर ते खिडकीपाशी असं धरा की उजेड त्याच्या मागून येईल. मघाशी झळाळणारा निळा-हिरवा डोळा आता मळकट तपकिरी दिसेल. कारण मोरपिसात निळं रंगद्रव्य नसतंच. असतं ते मेलॅनिन, आपले केस काळे करणारं.

पिसाच्या दांड्याला धागे फुटतात, धाग्यांना आणखी बारीक उपधागे. या उपधाग्यांत मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. दोन कांड्यांतलं अंतर मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी! या जाळीवरून प्रकाश परततो तेव्हा ठरावीक रंगच उठून दिसतात. अंतर किंचित वाढलं की निळ्याचा हिरवा होतो. मोराचा रंग पिसातल्या अतिशय पातळ भागांमुळे दिसतो, हे न्यूटननं १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्येच लिहिलं होतं.

पण नक्षी कोण काढतं? पीस त्वचेतल्या खळगीतून वाढतं. टोक आधी बाहेर, देठ शेवटी. खळगीतल्या रंगपेशी नव्यानं बनणाऱ्या धाग्यांना मेलॅनिन पुरवत राहतात. पुरवठा थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं झालं की आडवे पट्टे पडतात. प्लिमथ रॉक जातीच्या कबऱ्या कोंबडीचे पट्टे असेच येतात. मोराच्या डोळ्यात तर प्रत्येक धागा आपापले रंगाचे तुकडे घेऊन येतो आणि शेजारच्या धाग्यांशी ते असे जुळतात की वर्तुळं दिसतात. पीस पूर्ण वाढलं की ते केसासारखंच निर्जीव. नवी नक्षी हवी तर जुनं पीस गळून नवं यायला हवं.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा पांढरा मोर. त्याच्या पिसांत मेलॅनिनच पोचत नाही, म्हणून जाळी नाही आणि निळाही नाही. त्याला सर्रास ‘अल्बिनो’ म्हणतात, ते बहुतेक वेळा चूक. अल्बिनोचे डोळे गुलाबी-लालसर असतात, या मोराचे तसे नसतात.

सगळेच पक्षी मोरासारखे नाहीत. पोपटाचा हिरवा म्हणजे पिसाच्या रचनेतून आलेला निळा आणि पोपटानं स्वतः तयार केलेलं पिवळं रंगद्रव्य यांची बेरीज. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंचा गुलाबी मात्र खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक जलजीवांतल्या कॅरोटिनॉइडमधून. त्यांची पिल्लं करडी असतात. प्राणिसंग्रहालयात तसं खाणं मिळालं नाही, तर मोठे फ्लेमिंगोही पुढच्या पिसांत फिके पडतात.