मॅनिटॉल

मॅनिटॉल : शर्करा-अल्कोहॉल वर्गातील पांढरे, गोडसर, स्फटिकी संयुग. रेणूत ६ कार्बन, १४ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणू, रेणुभार १८२, वितळबिंदू सुमारे १६७° से. सॉर्बिटॉल हे त्याचे सख्खे भावंड. दोघांत अणू तेच आणि तितकेच. फक्त दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकात या बाजूला, दुसऱ्यात त्या बाजूला. तेवढ्याने स्वभाव पार बदलतो. सॉर्बिटॉल हवेतला ओलावा ओढून चिकट होते, मॅनिटॉल कोरडेच राहते. पाण्यातही ते बेताचेच विरघळते आणि जरा गारवा मिळाला की स्फटिक होऊन बाहेर पडते. त्याचे बरेच उपयोग, आणि काही कटकटीही, या कोरडेपणातून आल्या आहेत.

नाव ‘मॅना’वरून पडले. सिसिलीत मादोनीए डोंगरांतील कास्तेलबुओनो व पोल्लीना या गावांत उन्हाळ्यात ॲश जातीच्या झाडाच्या सालीला चिरा देतात. झिरपलेला रस वाळून त्याच्या पांढुरक्या कांड्या होतात. या मॅनातून फ्रेंच रसायनज्ञ जोझेफ प्रूस्त यांनी १८०६ मध्ये मॅनिटॉल वेगळे केले. तपकिरी समुद्रशैवालातही ते मुबलक असते. चीनमध्ये त्यापासून ते काढतात. इतरत्र मुख्य रीत म्हणजे निकेल उत्प्रेरक वापरून फ्रुक्टोजचे हायड्रोजनीकरण. त्यात मॅनिटॉलबरोबर निदान तेवढेच सॉर्बिटॉल तयार होते, म्हणून मॅनिटॉल महाग पडते.

च्युइंगमच्या पट्टीवरची भुकटी बहुधा हेच असते. वेष्टनाला गम चिकटू नये म्हणून ती लावतात. चघळायच्या गोळ्यांत ते भरण म्हणून घालतात. विरघळताना उष्णता शोषत असल्याने जिभेला गार लागते. गोडी साखरेच्या निम्म्याहून थोडी अधिक. दिवसाला २० ग्रॅमच्या वर गेले तर पोट सुटते.

इंजेक्शनची औषधे गोठवून निर्वातात वाळवतात, तेव्हा व्हायलीच्या तळाशी उभी राहणारी पांढरी सच्छिद्र वडी पुष्कळदा मॅनिटॉलची असते. औषध तिच्यात नावापुरतेच. मात्र प्रथिनांना सांभाळणे मॅनिटॉलला जमत नाही. स्फटिक झाले की ते प्रथिनापासून अलग होते, म्हणून जोडीला सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज द्यावे लागते.

रुग्णालयात ते २० टक्के द्रावणाच्या बाटलीत भेटते. डोक्याला मार लागून मेंदूला सूज आली की ते शिरेतून देतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत ते सहसा ओलांडत नाही. रक्तात राहून मेंदूतले पाणी ओढून घेते. मूत्रपिंडात गाळले गेल्यावर फारसे परत शोषले जात नाही, त्यामुळे लघवीवाटे पाणीही नेते. थंडीत याच बाटलीत स्फटिक धरतात. मग ती कोमट पाण्यात ठेवून, स्फटिक पूर्ण विरघळले आहेत ना, हे उजेडाला धरून पाहावे लागते. तोंडाने श्वासाबरोबर ओढायच्या भुकटीच्या रूपातील मॅनिटॉलला सिस्टिक फायब्रोसिसच्या प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. तिथेही काम तेच : पाणी ओढून फुप्फुसातला घट्ट कफ पातळ करणे.

प्रयोगशाळेतली त्याची सर्वांत देखणी करामत बोरिक आम्लाबरोबरची. हे आम्ल इतके मवाळ, की सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करताना अंतिम बिंदू धड सापडत नाही. मॅनिटॉल घातले की दोघांचे संकुल बनते, आम्ल तिखट होते आणि फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग नेमक्या जागी उमटतो. सूक्ष्मजीवशास्त्रात चॅपमन यांचे १९४५ चे मॅनिटॉल-मीठ माध्यम अजून वापरात आहे. ७.५ टक्के मिठात बहुतेक जिवाणू वाढत नाहीत. स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढतो, मॅनिटॉल आंबवतो आणि लाल माध्यम पिवळे करतो.

नायट्रिक आम्लाच्या क्रियेने मॅनिटॉलचे हेक्झानायट्रेट होते. आस्कानिओ सोब्रेरो यांनी ते १८४७ मध्ये, नायट्रोग्लिसरिनच्याच वर्षी, बनवले. आघाताने उडणारे हे द्रव्य डिटोनेटरमध्ये वापरले गेले. आणि अगदी थोड्या मात्रेत, रक्तवाहिन्या रुंदावणारे म्हणून, हृदयशूळाच्या रुग्णांनाही एकेकाळी दिले जाई.