डार्विनच्या हातून निसटलेला भुंगेरा

चार्ल्स डार्विनने १८७६ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रातला एक प्रसंग आपण वर्गात हौसेने सांगतो. झाडाची साल काढताना दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले, ते दोन मुठींत धरले; तेवढ्यात तिसरा दिसला, म्हणून हातातला एक तोंडात टाकला! त्याने जहाल द्रव सोडून जीभ पोळवली. तो गेला आणि तिसराही गेला.

हा तिसरा कोण? आत्मचरित्रात नाव नाही. ते आहे १८४६ मध्ये लेनर्ड जेनिन्स यांना लिहिलेल्या पत्रात: पॅनेजियस क्रक्समेजर. ‘मोठा क्रूस’ या अर्थाचे हे जातिनाम लिनियसने १७५८ मध्ये दिले. लांबी जेमतेम ८-९ मिलिमीटर. पंखांच्या कवचावर चार तांबूस ठिपके आणि त्यांच्यामधून काळा क्रूस. मात्र जवळच्या बायपस्ट्युलेटस जातीच्या पाठीवरही असाच क्रूस असतो. ती थोडी लहान, डोक्यामागचे कवच अरुंद, आणि राहणार कोरड्या जागी. क्रक्समेजरला दलदल, पाणथळ काठ लागतो.

पत्रात जागाही दिली आहे, कॅम नदीचा काठ. संग्राहक नेमकी हीच नोंद विसरतात! केंब्रिजजवळच्या विकेन फेन या दलदलीत क्रक्समेजर कित्येक दशकांनी, २००८ मध्ये, पुन्हा सापडला.