टाऊन हॉलात मांडलेले घर

मुंबई हे बेट आहे, याचा रोज लोकलने ये-जा करणाऱ्यालाही विसर पडतो. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून ते एकसंध झाले आणि १९२० नंतर बॅकबेचा समुद्र हटवून आणखी जमीन काढण्यात आली. त्या भरावावर मरीन ड्राइव्हची, गोलसर कोपऱ्यांची आणि लांबट सज्जांची आर्ट डेको घरे उभी राहिली. घरे नवी झाली. पण त्यांत बसावयाचे कशावर?

नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने टाऊन हॉलात ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवून त्याचे उत्तर दिले. १२ दिवसांत सुमारे १ लाख लोकांनी ते पाहिले. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या, ग्रीक धाटणीच्या त्या भव्य वास्तूच्या पोटात अगदी नव्या वळणाचे घर सामानासह दिसावे, यात मौज आहे खरी! मागल्या शतकातील कोरीव शिसवी कोचांच्या जागी आता ठेंगणी, गुळगुळीत, सरळ रेषांची बैठक आली होती. खोली आणि खुर्ची यांचा विचार एकत्रच व्हावा, हे वास्तुशिल्पज्ञांना पटवावयाचे होते. चाळीतल्या एका खोलीत ते सामान मावणारे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

त्या वेळी आपली खजुरी निजामाच्या राज्यात होती; १९५६ मध्ये ती म्हैसूर राज्यात गेली. आपल्याकडे खुर्ची ही मुळात कचेरीची वस्तू. माळवदाच्या वाड्यात बैठक म्हणजे सतरंजी, लोड आणि तक्के. खुर्ची निघे ती अंमलदार आला म्हणजे.

३० जून २०१८ रोजी मुंबईतील त्या इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. मात्र हा मान वास्तूंचा. खाजगी घरांतल्या कपाट-कोचांना त्याचे संरक्षण नाही. ते एकेक करून विकले जातात, आणि दुकानात सुटी मांडलेली खुर्ची कोणत्या खोलीतली, हे सांगणारे कोणी उरत नाही. आपल्या वाड्यांचे याहून निराळे नाही. वाटणीत झोपाळा एकाकडे, त्याच्या कड्या दुसऱ्याकडे, आणि फडताळ जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे! मंडळाच्या सभासदांनी वाटणीपूर्वी प्रत्येक दालनाचे, सामान जागच्या जागी असताना, एक छायाचित्र काढून ठेवावे. मागे सुताराचे नाव, लाकडाची जात आणि ते घरात कोणत्या कार्याच्या वेळी आले एवढे लिहिले तरी पुरे. हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.