डिजिटल माध्यमांचा अभ्यास : नेरूळच्या विद्यार्थी-पालकांसाठी थोडक्यात ओळख

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत हमखास विचारलं जातं, ‘मीडिया शिकून करणार काय?’ म्हणून या विषयाची माहिती इथे देत आहोत.

विषय नेमका काय?
रील बनवणं, एडिटिंग करणं हा त्यातला एक भाग झाला. माध्यम बदललं की समाजाचं बोलणं-वागणं कसं बदलतं, हा मूळ विषय. संदेशातल्या मजकुरापेक्षा माध्यमच माणसाला जास्त घडवतं, असं कॅनडाचे अभ्यासक मार्शल मॅक्लुहन यांनी १९६४ मध्येच मांडलं होतं.

आपल्याला त्याची गरज का?
१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर तशा अफवा फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायचं ठरवलं.

२०२० मध्ये कोरोनाचं खापर तबलीगी जमातीवर फोडलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावरही बोट ठेवलं. निकाल आला, पण तोवर बदनामी घरोघरी पोहोचली होती.

जानेवारी २०२२ मध्ये ‘बुली बाई’ अ‍ॅपवर मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. मुंबई पोलिसांनी अटक केलेल्यांत विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते. तंत्र येत होतं, तारतम्य नव्हतं.

कुठे शिकायचं?
नेरूळ मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं. विद्यापीठाचा पूर्वीचा बीएमएम अभ्यासक्रम २०१९ पासून बीएएमएमसी या नावाने ओळखला जातो. त्याला कोणत्याही शाखेतून बारावी झालेले विद्यार्थी जाऊ शकतात. नेरूळला एसआयईएस, डी. वाय. पाटील अशा मोठ्या शिक्षणसंस्था आहेत. मात्र कुठला अभ्यासक्रम चालतो, फी किती आणि शिष्यवृत्ती मिळते का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. नुसता कॅमेरा शिकवतात की माध्यमांचा समाजावरचा परिणामही शिकवतात, हेही विचारा.

कॉलेजात न जाणाऱ्यांनाही यातला पहिला धडा लागू आहे. खबर आली की आधी पडताळून घ्या, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल, अशी ताकीद सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी आपण एवढं तरी आठवू या.